फक्त पॅड द्या

मुन्ना : मशीन हाय म्हणतो ना मी, काकाजी. फक्त पॅड द्या. मोठ्यातलं मोठं, कडकातलं कडक.

हीरालाल : देतो ना बाप्पा. गिऱ्हाईक मागून राह्यलं अन् हीरालाल नाही म्हणाला, असं कारंज्यात आजपर्यंत झालं नाही. थांब, हिले विचारतो. ऐकतं का वं, जिनलची माय? गाडी पॉलिश करायचे पॅड कोण्या खणात ठेवले?

चंदना : कोण्या मशीनले लावायचं हाय?

हीरालाल : त्याच्यापाशी हाय मशीन.

चंदना : ते ऐकलं मी. कोणती, ते विचारून राह्यली.

मुन्ना : ग्राइंडर, काकू. आमच्या इंझोरीच्या वेल्डरचं हाय. एकदम तगडं. लोखंडाचे दोन तुकडे करते.

चंदना : पॅड नाही हायेत.

हीरालाल : अवं हायेत ना! मागच्याच महिन्यात तू...

चंदना : ग्राइंडरसाठी नाही हायेत.

हीरालाल : पाह्य मुन्ना. चाळीस वर्षं झाली, मी वस्तू काउंटरवर काढतो अन् ही परत आत ठेवते. एकटीच्या हाती दुकान असतं, तं आज त्याचं म्युझियम झालं असतं, लोकं तिकीट काढून पाहाले आले असते.

चंदना : तुमी गप बसा बरं. मुन्ना, ग्राइंडर एका मिनिटात किती फेरे घेते?

मुन्ना : लय घेते.

चंदना : अकरा हजार. अन् गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असते, क्लिअर कोट. त्याच्यानंच चमक येते. तो किती जाड असते?

मुन्ना : असन एखाद्या कागदाएवढा.

चंदना : कागदाच्याही अर्धा. ग्राइंडर टेकवलं का तो थरही जाईन अन् त्याच्याखालचा रंगही. खाली पत्रा दिसन तुले.

हीरालाल : पत्रा दिसला तं रंग लागन. रंग आपल्या दुकानात हाय. सारे शेड हायेत.

चंदना : अहो!

हीरालाल : गंमत केली वं.

चंदना : गाडी कोणाची हाय, मुन्ना? तुही तं नाही.

मुन्ना : रूपला काकाची.

हीरालाल : रूपला राठोड? इंझोरी फाट्यावरचा? ती काळी नवी गाडी?

मुन्ना : तेच. माहं वॉशिंग सेंटर त्यायच्याच जागेवर हाय ना. जागा देल्ली त्यायनं, अन् पयली गाडीही त्यायचीच धुतली मी.

चंदना : मंग काय झालं तिले?

मुन्ना : काय सांगू काकू. शेजारच्या वावरात थ्रेशर लागलं होतं. हरभऱ्याचं कुटार, सारा भुसा, उडून उडून गाडीवर बसलं. काका आले. म्हणे, मुन्ना, मले आत्ताच मानोऱ्याले जायचं हाय, झटक्यात साफ कर. अन् तेवढ्यात लाइट गेली. मोटर बंद, पाण्याचा पाइप बंद. मंग मी...

चंदना : कोरडंच पुसलं.

मुन्ना : कोरडंच.

चंदना : कायनं?

मुन्ना : पोत्यानं. पण धुतलेलं होतं काकू, कसम से!

हीरालाल : धुतलेलं पोतं! म्हणजे इंचू आंघोळ करून आला तं नांगी नाही मारत का?

चंदना : हसू नका. पोराचं तोंड पाहा जरा. मुन्ना, कुटारात माती असते, काड्या असतात. ते साऱ्या गाडीवर घासलं तू.

मुन्ना : सावलीत काहीच दिसलं नाही. मानोऱ्यात गाडी उन्हात उभी केली अन् त्यायच्या जावयानं पाह्यलं. बॉनेटभर कोळ्याचं जाळं. इकडून पाहा, तिकडून पाहा, जाळंच. मले वाटलं काका शिव्या देतीन. देल्या असत्या तं बरं झालं असतं. फक्त म्हणाले, मुन्ना, मी भरोसा केला होता रे तुह्यावर.

हीरालाल : हं. हे शिवीपेक्षा वाईट.

मुन्ना : तेव्हापासून कोणाचीच गाडी येत नाही माह्याकडं. फाट्यावर जो थांबते तो पयले काकाची गाडी पाह्यते, मंग माह्याकडं पाह्यते, अन् गिअर टाकून पुढं जाते. काल अम्मी म्हणे, बेटा, पुसायचं काम हाय तुहं, अन् तुले पुसताच येत नाही का. आता रामनवमीले काका साऱ्या सोयऱ्यायले घेऊन पोहरादेवीले चालले. त्याच गाडीनं. सारं गोत पाहीन ते जाळं, अन् विचारन कोणं केलं. त्याच्याआधी मले ते काढायचं हाय. काहीही करून.

चंदना : अन् रूपला भाऊ हात लावू देते का गाडीले?

मुन्ना : तेच तं. म्हणे, पयले दुसऱ्या कोणाच्या गाडीवर करून दाखव, मंग माह्या गाडीपाशी ये. म्हणून म्हणतो, कडक पॅड द्या. एका झटक्यात काम खतम झालं पाहिजे.

चंदना : एका झटक्यातच तं झालं हे सारं.

हीरालाल : बरोबर बोलली. बरं, ग्राइंडर नको, तं हे पाह्य मुन्ना. खास गाडीची मशीन. रोटरी. वजन पाह्य, आवाज पाह्य. सारे गॅरेजवाले हेच नेतात.

चंदना : त्यायचे हात बसले हायेत. ठेवा ते खाली.

हीरालाल : ठेवलं. बोल तू.

चंदना : मुन्ना, ही रोटरी एका जागी गरगर फिरते. एका ठिकाणी दोन क्षण जास्त राह्यली का रंग तापला, जळला. ज्याले येते त्याच्या हातात हे सोनं हाय, शिकणाऱ्याच्या हातात आग हाय. तुले पाहिजे ती ही. ड्युअल अॅक्शन. डीए म्हणतात. अम्मीले भाकरी थापताना पाह्यलं ना? भाकरी गोल फिरतेही अन् हात इकडंतिकडं सरकतेही. तशी चालते ही. एका जागी ठाण मांडत नाही.

मुन्ना : पण जोर दिसत नाही हिच्यात. लेडीज मशीनवानी वाटते.

चंदना : काय म्हणलं?

हीरालाल : मुन्ना, बेटा, शब्द मागं घे. मी तुले वाचवू शकत नाही.

मुन्ना : घेतला काकू. मागं घेतला.

चंदना : हिच्यावर जास्त दाबलं ना, तं ही फिरायचीच थांबते. नुसती थरथरते. तू चुकून राह्यला हे तुले मशीनच सांगते.

हीरालाल : रुसून बसते. घरोघरी असते एकेक.

चंदना : पॅडमागच्या प्लेटवर मार्करनं एक रेघ मारजो. रेघ फिरताना दिसली तं काम चालू हाय. रेघ थांबली तं तू जास्त दाबून राह्यला. समजलं?

मुन्ना : समजलं. पण पॅड तरी कडक द्या. अकोल्याचा एक जण सांगे, लोकरीचं पॅड लावायचं, मेंढीचं. लोकर लागली का जाळं साफ. ते द्या.

हीरालाल : ते भेटणार नाही.

मुन्ना : संपलं का?

हीरालाल : आलंच नाही कधी. मेंढीचं कातडं असते त्याले मागून, लोकरीसकट. हीरालालच्या दुकानात कातडं येत नाही. माह्या बाबानं रंगाचे ब्रशसुद्धा जनावराच्या केसाचे ठेवले नाहीत कधी. लोकं म्हणे, हीरालालचा बाप धंदा करते का उपास करते.

मुन्ना : म्हणजे तुमच्या धरमापायी रूपला काकाचं जाळं तसंच राहीन?

हीरालाल : तसं नाही रे बाबा...

मुन्ना : नाही काकाजी, तुमचा धरम तुमाले मुबारक, मी इज्जत करतो. पण माह्या इज्जतीचा सवाल हाय. मी अकोल्याले जातो मंग. पाच वाजताची गाडी भेटन.

चंदना : बस खाली. इकडं पाह्य. आज धरम अन् मशीनची पुस्तिका, दोघंही एकच गोष्ट सांगून राह्यले. लोकर लय कापते. खोल ओरखड्यासाठी ठीक हाय, पण तुहे ओरखडे खोल नाहीत. पोत्याचे हायेत, वरवरचे. नखानं चाचपून पाह्यलं होतं का? नख अडकते?

मुन्ना : नाही अडकत.

चंदना : मंग फोमनं जाईन. अन् आधी नरम पॅड लावायचं. नरमानं नाही गेलं तरच त्याच्याहून कडक. कडकानं सुरुवात करायची नाही कधी.

हीरालाल : हे वाक्य लिहून ठेव मुन्ना. लग्न झाल्यावर कामी पडन.

मुन्ना : मंग ते डबा भरून पॅड हायेत ना, लाल, पिवळे, निळे, काळे, साऱ्या रंगाचे एकेक द्या. सेट होऊन जाईन.

हीरालाल : शाबास! बांधू का?

चंदना : नका बांधू. साऱ्यायले हेच वाटते. मुन्ना, रंगाचा काही भरोसा नसते. एका कंपनीचं नारंगी नरम असते, दुसरीचं नारंगी कडक. अन् एक बॉनेट करताकरता पॅड तापते, पॉलिशनं भरून जाते. तेच पॅड घासत राह्यला तं नवे ओरखडे पडतीन. दहा रंगाचे एकेक नको घेऊ. हे मधलं पॉलिशिंगचं घे, चार. अन् हे कडक, कटिंगचं, एकच घे. शेवटच्या चमकीसाठी एक काळं नरम. झालं.

हीरालाल : पाह्यलं? दहा विकून राह्यलो होतो मी, सहावर आणलं हिनं.

मुन्ना : काकू, तुमाले हे सारं कसं माहीत?

हीरालाल : पुण्याहून जिनल व्हिडिओ पाठवते, ही दुपारी पाह्यते. मले वाटे, भजन ऐकून राह्यली.

चंदना : खोका उघड मुन्ना. मशीन पाहून घे नीट.

मुन्ना : पण काकू, याचं सील तुटलेलं हाय.

हीरालाल : काय? आण इकडं. आं? सील कोणं तोडलं? दोन वर्षं झाली हे मशीन शेल्फवर पडून हाय. हिनंच हट्टानं मागवलं, मी म्हणे कोण घेईन, ही म्हणे ठेवा. हात कोणं लावला याले?

चंदना : मी.

हीरालाल : तू?

चंदना : एकदाच. मागच्या पर्युषणात तुमी मंदिरात होते तेव्हा. वर नेलं, फ्रीजच्या दारावर चालवून पाह्यलं.

हीरालाल : म्हणून! म्हणून तो फ्रीज! मी पाहुण्यायले सांगत फिरलो, काय कंपनी हाय, सोळा वर्षं झाली अन् चमक जात नाही!

चंदना : बाजूचा पत्रा नाही केला. तुमी पाह्यलं नाही एवढंच.

मुन्ना : मंग काकू, तुमीच का नाही करून देत रूपला काकाची गाडी?

चंदना : तुही चूक तूच निस्तर. मी फक्त उभी राहीन. आता सांग, कोणाच्या गाडीवर शिकशीन?

मुन्ना : भंगारातून एखादं बॉनेट आणतो.

चंदना : ते आणजो, हात बसवाले चांगलं हाय. पण रूपला भाऊ भंगाराच्या बॉनेटवर भरोसा करन का? त्याले चालती गाडी दाखवावी लागन. ओळखीच्या माणसाची.

हीरालाल : माह्याकडं काहून पाहून राह्यली?

चंदना : मागं शेडमध्ये एक हाय ना.

हीरालाल : नाही.

चंदना : कव्हर टाकून ठेवली हाय नऊ वर्षांपासून.

हीरालाल : नाही म्हणलं ना. ती गाडी तशीच राहीन.

मुन्ना : काकाजी, तुमच्याकडं गाडी हाय? मी तं तुमाले नेहमी स्कूटीवरच पाह्यलं.

चंदना : हाय ना. गर्द लाल. धूळ झटकूझटकू तिच्यावरही जाळं झालं हाय. वर्षातून चार वेळा निघते, तेही पहाटे. सांगू का याले?

हीरालाल : सांग. माह्यानं तू थांबणार हायेस का.

चंदना : गाडी आली त्या दिवशी बॉनेटवर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं मी. हळद, चुना, सारं होतं त्यात. अन् चौथा पाय उलटा निघाला. तीन पाय बरोबर, चौथा वाकडा. मी म्हणली, पुसते अन् परत काढते. तं हे म्हणे, शुभकार्यात पुसापुसी करायची नाही. तीन दिवस गाडी उन्हात. मे महिना. कुंकू रंगात असं बसलं, असं बसलं, का धुतलं तरी जाईना. मंदिरासमोर गाडी उभी केली का साऱ्या बाया पयले बॉनेट पाहत. साधना तं एकदा म्हणे, चंदनाबाई, तुमचं स्वस्तिक घराकडं वळून पाहून राह्यलं का? तेव्हापासून मी पायी जाते मंदिरात.

मुन्ना : अन् काकाजीनं पुसलं नाही?

हीरालाल : नाही पुसलं अन् पुसणारही नाही. ते सोडून कुठंही हात लाव.

मुन्ना : म्हणजे... लावू?

हीरालाल : असं म्हणलो का मी?

चंदना : आत्ताच म्हणले. "ते सोडून कुठंही." साक्षीदार हाय माह्याकडं.

हीरालाल : बरं. रूपला माणूस चांगला हाय अन् हे पोरगं वाईट नाही. कर. पण स्वस्तिकावर चारी बाजूनं टेप लाव, वरून कागद लाव. त्याले धक्का लागला तं मशीन परत घेईन अन् तुले फाट्यापर्यंत पायी पाठवीन.

मुन्ना : कबूल, काकाजी. कसम से.

चंदना : सूर्य मावळायच्या आत आमाले जेवायचं असते. दोन तास हायेत तुह्यापाशी. अन् पयले काय करशीन?

मुन्ना : मशीन लावीन.

चंदना : पयले काय करशीन?

मुन्ना : पाणी! पयले पाणी. भरपूर पाणी.

(दुकानामागची शेड. गाडी धुऊन झाली आहे, बॉनेटचा अर्धा भाग पॉलिश झाला आहे. हीरालाल गिऱ्हाईक आलं म्हणून पुढे गेले आहेत.)

चंदना : किती थेंब घेतले पॅडवर?

मुन्ना : चार.

चंदना : अन् किती जागा?

मुन्ना : दोन वीत बाय दोन वीत. आडवं, मंग उभं. रेघ फिरून राह्यली काकू, पाहा.

चंदना : दिसून राह्यली. आता कपड्यानं पूस, अन् मोबाइलचा टॉर्च मार. तिरपा.

मुन्ना : या अल्ला. काकू! काकू, जाळं नाही हाय! तिकडच्या अर्ध्यात हाय अन् इकडच्या अर्ध्यात नाही हाय! मी केलं हे?

चंदना : नाही, मी मंतर मारला. तूच केलं. फोटो काढ, दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत. आता मधला भाग घे.

मुन्ना : मधात तं स्वस्तिक हाय. अन् काकू... टेप कोणं काढला?

चंदना : वाऱ्यानं उडाला असन.

मुन्ना : वारा कुठं हाय? पानही हलून नाही राह्यलं.

चंदना : मंग निसटला असन. लाव मशीन. पाच मिनिटांचं काम हाय, त्यायले कळायच्या आत होऊन जाईन.

मुन्ना : नाही काकू.

चंदना : काहून? माहंच स्वस्तिक हाय ते. मी काढलं, मीच पुसून राह्यली.

मुन्ना : तुमचं हाय, पण शब्द मी काकाजीले देल्ला. एकाचा भरोसा तोडून बसलो, अजून तोच जुळला नाही. दुसरा नका तोडाले लावू. मी टेप परत लावतो. रागावू नका.

हीरालाल : नको लावू.

मुन्ना : काकाजी! मी नाही काढला, कसम से!

हीरालाल : ऐकलं मी सारं. दारातच उभा होतो. नऊ वर्षं झाली, अन् वाऱ्याले आजच सुटाचं होतं.

चंदना : हो, मीच काढला टेप. अन् आता गिऱ्हाईकासमोर विचारूनच टाकते. मुन्ना, विचार यायले, चौथा पाय वाकडा कसा झाला? साऱ्या कारंज्याले वाटते चंदनाचा हात चुकला. विचार.

मुन्ना : कसा झाला, काकाजी?

हीरालाल : ते... झालं असन काही.

चंदना : सांगा ना.

हीरालाल : मी आत बसलो होतो. स्टेअरिंगवर. नवी गाडी, नवा वास. आनंद मायेना माह्यात. ही समोर वाकून स्वस्तिक काढून राह्यली, तीन पाय झाले, चौथा सुरू, अन्...

चंदना : अन्?

हीरालाल : अन् मी हॉर्न वाजवला.

मुन्ना : हॉर्न!

चंदना : कानाजवळ! मी एवढी दचकली का ताट पडलं अन् हात इकडचा तिकडं गेला. अन् मंदिरात बाया हसल्या तेव्हा हे बाहेर उभे राहून म्हणाले का, का हॉर्न मी वाजवला?

हीरालाल : नाही म्हणलो. लाज वाटली मले. आजही वाटते. पण ते पुसायचं म्हणलं का जीव होत नाही माहा. मुन्ना, हिच्या हातचं सारं सरळ असते. पोळी गोल, रांगोळी सरळ, शेल्फवरचे डबेसुद्धा एका रेषेत. साऱ्या जिंदगीत हे एकच वाकडं झालं, अन् तेही माह्यापायी, माह्या आनंदापायी. ते पाह्यलं का मले तोच दिवस दिसते. हिचं दचकलेलं तोंड दिसते, अन् त्याच्यानंतर ही जे हसली होती ते दिसते.

चंदना : हसली नव्हती मी. चिडली होती.

हीरालाल : पयले चिडली. मंग हसली. तुह्या ध्यानात नाही, माह्या हाय.

चंदना : हे नऊ वर्षांत एकदाही बोलले नाहीत तुमी मले.

हीरालाल : तू विचारलं कुठं? तू "पुसा" म्हणे अन् मी "नाही" म्हणो.

मुन्ना : मी बाहेर जाऊ का?

हीरालाल : थांब. लाव मशीन. नऊ वर्षं माह्या हॉर्नची सजा हिनं भोगली, पायी चालून. आता बस. पूस म्हणतो मी.

चंदना : नक्की?

हीरालाल : लवकर कर, नाहीतं मन बदलन माहं.

मुन्ना : बिस्मिल्ला. काकू, रेघेवर लक्ष ठेवा.

चंदना : फिरून राह्यली. हळू. आडवं झालं, आता उभं. पूस.

मुन्ना : लाली गेली, काकू! सारी गेली. पण टॉर्चमध्ये आकार दिसते. बारीक. खोल गेलं हाय कुंकू.

चंदना : अजून एकदा घे.

मुन्ना : घेतो... पुसून पाह्यलं. अजून बारीक झालं. पण हाय.

चंदना : मंग ते कडक पॅड लाव, कटिंगचं. अन् दाब जरा. एवढं आलं तं पूर्णच जाऊ दे.

मुन्ना : नाही, काकू.

चंदना : आता काहून नाही? आता तं काकाजीही हो म्हणले.

मुन्ना : पत्र्याले उलटा हात लावून पाहा. गरम हाय. अजून दाबलं तं स्वस्तिक जाईन, पण थरही जाईन. तुमीच सांगतलं, कागदाच्या अर्धा. काकू, एक गोष्ट मी कोणाले सांगतली नाही. रूपला काकाची गाडी पुसताना पयली रेघ मले दिसली होती. पयल्याच फटक्यात. मले वाटलं, धुळीची रेघ हाय, अजून जोरात घासलं तं जाईन. जेवढी दिसे तेवढं जास्त घासे. तिथंच थांबलो असतो तं एक रेघ राह्यली असती. नाही थांबलो म्हणून जाळं झालं. आज थांबतो.

हीरालाल : अति तिथं माती.

चंदना : हं. मी तेच पाहून राह्यली होती, थांबते का नाही.

हीरालाल : खोटं! सपशेल खोटं! तुले खरंच काढायचं होतं ते!

चंदना : काढायचंही होतं अन् पाहायचंही होतं. मुन्ना, आता मशीन घेऊन जा. अन् रामनवमीच्या आधी दोन दिवस ठेव हातात, एका दिवसात साऱ्या गाडीचं करायचं नाही. काठांवर अन् कोपऱ्यांवर टेप लावजो, तिथं थर पातळ असते. उन्हात करायचं नाही. पॅड धुऊन, वाळवून ठेवजो.

मुन्ना : पण काका गाडी देतीन का? फोटोवर?

हीरालाल : तुह्या फोटोवर देईन का नाही माहीत नाही. फोन आण इकडं. हॅलो, रूपला भाऊ? हीरालाल बोलतो, कारंज्याहून. राम राम. हो, मजेत. ऐकून घे, तुह्या मुन्नानं आज माह्या गाडीवर हात चालवला. हो, माहीच गाडी. तीच, कव्हरवाली. अरे हो, देल्ली मी! काय सांगू तुले, बॉनेटमध्ये भिंतीचं कॅलेंडर वाचून राह्यलो. तारखेसकट. नाही, त्याच्यासाठी फोन नाही केला. चमक तं मशीननं येते. पोराले थांबता येते, म्हणून फोन केला. जास्त घासत नाही तो आता. हो. हो. सांगतो त्याले. ठेवतो.

मुन्ना : काय म्हणाले?

हीरालाल : म्हणाले, उद्या चाबी घेऊन फाट्यावर येतो.

मुन्ना : सच?

हीरालाल : अन् म्हणाले, पोतं जाळून टाक म्हणा.

मुन्ना : जाळतो काकाजी! आजच जाळतो! अम्मीले फोन करतो पयले. नाही, पयले पॅड धुतो. काकू, पॅड पयले ना?

चंदना : अम्मी पयले. पॅड मी भिजवून ठेवते. अन् जेवून जाशीन, पिठलं केलं हाय. कांदा नाही त्यात, आधीच सांगते.

मुन्ना : आज काहीही चालते, काकू. हॅलो, अम्मी? अम्मी, सुनो...

हीरालाल : गेला बाहेर. आवाज पाह्य त्याचा, साऱ्या गल्लीले कळन. कव्हर कुठं ठेवलं वं?

चंदना : नका टाकू कव्हर. राहू द्या उघडी.

हीरालाल : बाजूनं पाह्यलं तं अजून दिसते थोडं.

चंदना : कुठं?

हीरालाल : हे काय. इथं वाक. चौथा पाय.

चंदना : मले नाही दिसत. तुमालेच दिसते ते.

हीरालाल : मले दिसलं म्हणजे झालं. उद्या मंदिरात चालतं का, गाडीनं?

चंदना : साधना असन तिथं.

हीरालाल : असू दे. मी सांगीन तिले, हॉर्न कोणं वाजवला ते. साऱ्यायसमोर. पुढच्या सीटवर बसशीन ना?

चंदना : बसीन. पण आता तरी हॉर्न नका वाजवू.